दगड नंबर चौदा

माणसाच्या इतिहासात जे काही बरंवाईट घडलं ते सगळं सीमेवरून घडलं. राज्यं सीमेवरून उभी राहिली आणि सीमेवरूनच बुडाली. भावाने भावाच्या डोक्यात फावडं घातलं तेही सीमेवरून. आणि एक मुलूख कुठे संपतो व दुसरा कुठे सुरू होतो हे ठरवायला दिल्लीत शहाणी माणसं नकाशे पसरून वर्षानुवर्षं बसली. जयवंत धुरी यांची सीमा काळाचौकीतल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, टोकाच्या खोलीसमोर होती. ती गटाराच्या कठड्यापासून रस्त्याच्या डांबरापर्यंत साडेतीन फूट रुंद आणि बावीस फूट लांब असून तिच्यात कर्दळ लावलेली होती.

छप्पन्न सालच्या जानेवारीतल्या त्या सकाळी संचारबंदी दोन तासांपुरती उठली, तेव्हा गिरणगावातली माणसं दूध, रॉकेल आणि बातम्या मिळवायला धावली. जयवंतराव झारी घेऊन बाहेर आले. दोन दिवस झाडांना पाणी नव्हतं आणि संचारबंदीच्या हुकुमात कर्दळीविषयी काही म्हटलेलं नव्हतं. पायरीवरून खाली पाऊल टाकायच्या आधीच ते डोळ्यांना कळलं. पट्टीच्या कडेने ओळीत लावलेल्या एकतीस पांढऱ्या दगडांतले नऊ दगड जागेवर नव्हते. जिथे दगड होते तिथे दात काढल्यावर हिरडीत राहतात तशी भोकं होती, ओली आणि जराशी लाजिरवाणी. दोन कर्दळी आडव्या झाल्या होत्या. आणि ओळीच्या मधोमध, पिवळ्या कर्दळीच्या बुडाशी, एक चप्पल पडली होती. टायरच्या तळाची, उजव्या पायाची. सरकारी भांडारात सव्वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या मनात पहिली नोंद झाली ती अशी: नऊ दगड कमी, एक चप्पल जास्त. तुटीचा विचार करायची त्यांना सवय होती. वाढीचा विचार त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आणि पाणी घालायला सुरुवात केली. सवयीने त्यांनी भोकांनाही पाणी घातलं. सातव्या भोकापाशी झारी थांबली. प्रत्येक दगडाच्या पोटाला काळ्या ऑइलपेंटने नंबर घातलेला आहे हे त्यांना आत्ता आठवलं होतं. नंबर आणि त्याच्या मागे ‘ज. धु.’

तसं पाहिलं तर ही पट्टी कुणाचीच नव्हती. चाळीचा मालक म्हणे ती रस्त्याची, आणि रस्त्यावाले म्हणत ती चाळीची. त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे लोक चहाचा चोथा टाकत, फुटक्या कुंड्या ठेवत आणि येताजाता पानाच्या पिंका टाकत. जयवंतराव त्या खोलीत राहायला आले त्या वर्षी त्यांनी तिथला राडारोडा स्वतः उपसला, कोळशाची राख मिसळून माती भुसभुशीत केली आणि लाल कर्दळ लावली. लालच का, असं बायकोने, सुभद्राबाईंनी, विचारलं तेव्हा ते म्हणाले, “अगं, लोकांच्या पिंका थांबणार नाहीत. निदान दिसू तरी नयेत.” शेजारच्या सुंदराबाई रोज बांगड्या-बोंबलांचं धुतलेलं पाणी तिथे ओतायच्या, जयवंतरावांनी दोन वेळा हात जोडून सांगून पाहिलं, आणि तिसऱ्या वेळी सांगायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सुंदराबाईंच्या बाजूची कर्दळ त्यांच्या बाजूच्या कर्दळीपेक्षा हातभर उंच आहे. ते तसेच परत आले. पिवळं झाड मात्र त्यांनी लावलेलं नव्हतं. ते कुठून आलं कुणास ठाऊक. लालांच्या ओळीत मध्येच एक दिवस पिवळं फूल उमललं. न मागवलेला माल भांडारात आला की जसं अस्वस्थ व्हायला होतं तसं त्यांना झालं. काढून टाकू म्हणता म्हणता तीन वर्षं गेली, आणि त्याच्यासमोरचा दगड होता नंबर चौदा.

रस्ता खोदला तेव्हा कडेला पडलेले ते काळे दगड. धुऊन, चुना लावून, वीत-वीत अंतरावर पुरले होते. भांडारात ते खुर्च्यांवर, शाईच्या दौतींवर, एकदा तर साहेबांच्या छत्रीवरसुद्धा नंबर घालत, तेव्हा दगडांवर न घालणं त्यांना नागडं वाटलं असतं. सुभद्राबाई म्हणाल्या, “वरच्या बाजूला घालू नका हो. लोकांना मैलाचे दगड वाटतील, कुठल्या तरी गावाला निघतील.” म्हणून पोटाला. पण खरं कारण भांडार नव्हतं. खरं कारण कुडाळच्या कोर्टातलं होतं, आणि ते जयवंतरावांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांचे वडील आणि चुलते यांच्या आवाठाच्या, म्हणजे घरांभोवतीच्या आवारांच्या, मध्ये दगड रचून केलेला गडगा होता. एका पावसाळ्यात तो गडगा चालू लागला. दरवर्षी हातभर चालायचा, आणि नेहमी वडिलांच्याच बाजूला. दावा झाला. नऊ वर्षांचा जयवंत मागच्या बाकावर बसून पाहत होता. मुन्सफाने टेबलावरचा एक जांभा दगड दाखवून विचारलं, “हा दगड तुमचा?” वडिलांनी तो उचलला, उलटापालटा केला, त्याचा वासही घेतला. कोर्टातला पंखा ओढणारा माणूससुद्धा ओढायचा थांबला. मग वडील म्हणाले, “दिसता तर आमच्यासारखोच, साहेब.” सगळं कोर्ट हसलं. चुलता हसला, वकील हसला, दोन्ही बाजूंचे. परतीच्या वाटेवर, तीन कोसांनंतर ओहोळ ओलांडताना वडील फक्त एवढंच म्हणाले, की आपलोच होतो रे तो. जयवंतला तेव्हा वाटलं होतं की माणसाजवळ खूण हवी. खूण असली की घाबरायचं कारण नाही. आता झारीतलं शेवटचं पाणी स्वतःच्या पायावर सांडत ते उभे होते आणि त्यांना कळत होतं की वडील किती सुखी होते.

“काय जयवंता! मेल्या, बोललंस नाय पण!” पाठीवर थाप पडली. समोरच्या खोलीतला गुणाजी. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि गेल्या सोमवारी रेडिओवर मुंबई वेगळी ठेवायची घोषणा झाल्यापासून घरात कमी आणि नाक्यावर जास्त.

“काय बोललो नाही?”

“दगडाचा रे! आम्ही तुका भित्रो समजत होतो. आणि तू चुनो लावन, ओळीन मांडून ठेवलंस, हाताक येतीत असे! परवा नाक्यार पोरा म्हणत होती, बाकीचे दगड शोधूचे लागतत, धुरीकाकांचो माल कसो तयार.”

“अरे, मी कुठे दिले? ते घेतले.”

“ताच ता. सरकारी माणूस असोच बोलतलो.” गुणाजीने डोळा मारला. “पोलिसांच्या गाडयेर बसले बघ धडाधड. एका हवालदाराचा डोक्या फुटला, चार टाके. चल, दूध संपतला.” आणि तो गेला. जयवंतराव चार टाक्यांपाशी उभे राहिले. एक, दोन, तीन, चार. त्यांना दाभणाने पोतं शिवताना ऐकू येतो तसा आवाज ऐकू आला.

मग पुढचे दिवस. संचारबंदी उठली, पुन्हा लागली, पुन्हा उठली. कचेरी भरू लागली आणि जयवंतराव आपल्या नंबर घातलेल्या खुर्चीवर, नंबर घातलेल्या टेबलासमोर बसू लागले; आणि जिकडे बघावं तिकडे त्यांच्याच हातचे आकडे त्यांच्याकडे टक लावून बघत होते. सरकारी नोकराने कुठल्याही चळवळीत भाग घेता कामा नये, असं एक परिपत्रक फिरलं होतं आणि त्यावर त्यांनी ‘वाचलं’ म्हणून सही केली होती. दगडाने भाग घेतला तर काय, याविषयी परिपत्रकात काही नव्हतं. पण दगडाच्या पोटावर ‘ज. धु.’ असेल तर? वसंत ऋतूत बढती असते, पावसाळ्यात बदल्या असतात, बडतर्फीला ऋतू नसतो. आणि रंग! तो रंग भांडारातल्या डब्याच्या तळाशी उरलेला होता, फेकून द्यायचा म्हणून घरी आणलेला. म्हणजे दगड रस्त्याचा, रंग सरकारचा आणि डोकं पोलिसाचं. त्यांचं स्वतःचं असं या गुन्ह्यात नावाशिवाय काहीच नव्हतं. टेबलाशी बसल्याबसल्या ते खटला चालवू लागले. न्यायाधीशाला कुडाळच्या मुन्सफाचाच चेहरा होता. तो दगड उचलून दाखवायचा, आणि जयवंतराव प्रत्येक वेळी निराळं उत्तर द्यायचे, आणि प्रत्येक उत्तराला मागच्या बाकावरून कुणीतरी हसायचं. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. गावी पडवीसमोर नीट आखून कर्दळ लावायची होती. तिथे कुणी पिंका टाकत नाही, तेव्हा कुठलाही रंग चालला असता.

एका रविवारी दुपारी त्यांनी ठरवलं. उरलेले बावीस दगड उपटायचे, नंबर घासून काढायचे आणि पुन्हा लावायचे. ते गोणपाट पसरून पायरीशी बसले, पहारीने एकेक करत सगळे दगड उपटले, उलटे केले आणि विटेच्या तुकड्याने घासायला लागले. सव्वीस वर्षांत त्यांनी इतका चांगला रंग कधी लावला नव्हता. एक नंबर जायला पाव तास लागायचा, आणि नंबर गेला की नंबर घासल्याची खूण नंबरापेक्षा ठळक दिसायची. सुभद्राबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. “आता ह्याला काय म्हणायचं?” त्या म्हणाल्या. “आधी नाव होतं. आता नाव लपवलेलं आहे हेही कळेल.” त्यांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. ठेवताना आवाज झाला. हल्ली त्या कप ठेवत तेव्हा आवाज व्हायचा. आधी होत नसे. आठ दगड झाल्यावर जयवंतरावांचे खांदे भरून आले. ते जरा पाठ टेकायला आत गेले, आणि डोळा लागला. उठून बाहेर आले तेव्हा गोणपाट होतं, विटेचा तुकडा होता, रिकामा कपही होता. दगड एकही नव्हता. समोरच्या खोलीतून गुणाजीने हात जोडले. “बाहेर ढीग घालून आत जाऊन निजलंस! काय डोक्या रे तुझा! कोण विचारल्यान तर सांगूक बरा, मी निजललंय!” आता पट्टीच्या कडेने एकतीस भोकं होती, एकसारखी, वीत-वीत अंतरावर, आणि सबंध चाळ त्यांना येताजाता नमस्कार करत होती. सुंदराबाईंनी तर त्या दिवसापासून मासळीचं पाणी ओतण्याआधी “घालू ना, काका?” असं विचारायला सुरुवात केली. एवढा मान त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता आणि तो चुकवायला ते मान खाली घालून भोकं मोजत जात.

चप्पल मात्र कुणी नेली नाही. ती पिवळ्या कर्दळीच्या बुडाशी जशीच्या तशी होती, टाच रस्त्याकडे, अंगठा दाराकडे. जयवंतराव तिच्या आजूबाजूने पाणी घालत. एकदा त्यांनी ती उचलायला हात पुढे केला तेव्हा आतून सुभद्राबाई म्हणाल्या, “राहू दे तिथेच. कुणी न्यायला आलं तर?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. दगडांची काळजी ही एक प्रकारची सोय होती, हे जयवंतरावांना अधूनमधून लख्ख कळायचं. दगडांना आकडे होते. एक गेला, नऊ गेले, एकतीस गेले, असं म्हणत दिवस काढता यायचा. चप्पल मनात आली की दिवस जागच्या जागी थांबायचा आणि दगड गेले ती दुपार सुरू व्हायची. ती दुपार त्यांना आवाजांतच आठवायची. आधी नाक्याकडून आरोळ्या, मग खिळे ठोकल्यासारखे ते चार-पाच आवाज, मग धावणारी पावलं, पुष्कळ पावलं, आणि डोळ्यांत झोंबणारा धूर दाराच्या फटीतून. मग दारावर थाप. सबंध तळव्याची. सुभद्राबाई चुलीपाशी उठून उभ्या राहिल्या. जयवंतराव कडीला हात लावून उभे होते. कडी गार होती. दुसरी थाप. “उघडा की हो,” सुभद्राबाई म्हणाल्या. तिसरी थाप जरा खाली बसली, कमरेच्या उंचीवर. “सरकारी नोकरी आहे,” असं जयवंतराव म्हणाले, पण इतक्या हळू की ते त्यांना एकट्यालाच ऐकू आलं. चौथी थाप पडली की उघडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हे त्यांनी खरोखरच ठरवलं होतं. याविषयी ते कुठल्याही कोर्टात शपथ घ्यायला तयार होते. चौथी थाप पडली नाही. बुटांचे आवाज आले आणि गेले. कर्दळीची पानं मोडल्याचा आवाज आला. कडी त्यांच्या मुठीत तोपर्यंत गरम झाली होती. मग किती तरी वेळ ते हिशेबी माणसासारखे चौथ्या थापेची वाट बघत उभे राहिले. तो कोण होता, त्याला काय झालं, तो पुढच्या दारात शिरला की गाडीत, की त्याहूनही पुढे, हे विचारायचं कुणाला? गुणाजीला विचारावं तर तो म्हणेल, मगे दार कित्याक नाय उघडलंस? एकतीस दगडांतला एकेक कुणाचा हे जगाला कळेल. त्या चपलेवर नंबर नव्हता.

आणि महिना होत आला असताना, एका संध्याकाळी दिवेलागणीच्या जरा आधी, हवालदार आला. जयवंतराव पायरीवर बसले होते. त्यांनी आधी बूट बघितले, मग पट्टा, मग काखेतलं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि शेवटी कपाळाच्या वर, टोपीच्या काठाखालून डोकावणारा चिकटपट्टीचा तुकडा. समोरच्या दारात गुणाजी दिसला आणि दिसेनासा झाला.

“धुरी हितंच का?”

“हो. मीच.”

“मी निकम. चौकीवर असतो.” त्याने फडकं सोडलं. आत चौदा नंबरचा दगड होता. चुना थोडा खरवडला होता. आकडा मात्र आजच घातल्यासारखा काळाभोर. हवालदाराने तो उताणा करून पायरीवर ठेवला आणि विचारलं, “ह्यो दगड तुमचा?”

मागच्या बाकावर कुणीतरी श्वास रोखला. जयवंतरावांनी दगडाकडे पाहिलं. तो उचलावा, उलटापालटा करावा, वास घ्यावा असं त्यांच्या हातांना वाटत होतं. दारात सुभद्राबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात कप होता आणि त्याचा आवाज होत नव्हता. जयवंतराव उभे राहिले. उभं राहूनच बोलायचं होतं.

“माझा आहे,” ते म्हणाले. “नंबर मी घातला, रंग सरकारी भांडारातला आहे. बाकीचे तीसही माझेच. कुणी नेले ते मी सांगणार नाही. आणि त्या दिवशी दारावर थापा पडल्या तेव्हा मी आत होतो. कडीला हात होता. उघडलं नाही. काय लिहायचं ते लिहा.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एवढी वाक्यं सलग उच्चारली होती. रस्त्यावर सगळं थांबल्यासारखं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात एक हातगाडी गेली.

“लिहायचं काय त्यात?” हवालदार म्हणाला. “पंचनामा झाला कवाच. ‘दगड पांढरे, सुमारे चाळीस’ एवढंच हाय. नंबराला रकानाच न्हाई.”

“पण तुमचं डोकं—”

“ह्यानं न्हाई फोडलं. मला लागला त्यो काळा हुता. बिननंबरी.” त्याने टोपी काढून चिकटपट्टी चाचपली. “ह्यो आमच्या टेबलावर कागद दाबायला पडलाय महिनाभर. रोज बघायचो आन् म्हणायचो, असा कोण माणूस असंल, दगडाला नंबर घालणारा? परवा हितनं जाताना ही भोकं बघितली. सगळी वितीवितीवर. म्हटलं, ह्योच त्यो.”

सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं आणि ते कुणी घेतलं नव्हतं. परत आलेल्या पार्सलासारखं ते जयवंतरावांच्या हातात होतं. “आणि त्या दिवशीचा तो माणूस?” त्यांनी विचारलं. “थापा मारणारा?”

“कुठला म्हणून सांगू, साहेब?” निकम म्हणाला. त्याने वाकून बुटाची नाडी आवळली. “त्या दिवशी लय दारं वाजली.” मग त्याने पट्टीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम घरगुती झाला. “आमच्या पोलीस लायनीत दारापुढं एवढीच जागा हाय, बघा. नुसती धूळ. बायको कवाधरनं मागं लागलीय, कायतरी लावा म्हणती. एक कांदा द्याल का कर्दळीचा?”

“घ्या की,” सुभद्राबाईच म्हणाल्या. जयवंतरावांनी खुरपं घेतलं आणि ते कडेच्या सगळ्यात जोमदार झाडापाशी, सुंदराबाईंच्या बाजूला, उकिडवे बसले.

“लाल नको,” हवालदार म्हणाला. “लाल पुष्कळ झालं. ती मधली पिवळी हाय ना, तिचा द्या.”

जयवंतराव खुरपं घेऊन बसल्याबसल्याच मध्यापर्यंत सरकले. पिवळ्या कर्दळीला दोन नवे कोंब आले होते. त्यांनी खुरप्याचं टोक मातीला लावलं आणि ते तसेच राहिले.

“तेवढी चप्पल जरा बाजूला घ्या, धुरीसाहेब,” निकम वाकून म्हणाला. “कांदा मोडायला नको.”